पीटीएचं लायसन्स हातात आहे, मग ऑनलाइन पदवी कशासाठी?

अमेरिकेत २०२५च्या जुलैमध्ये एक नवा कायदा झाला आणि पदवीनंतरच्या शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी कर्जावर मर्यादा आली. १ जुलै २०२६पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ‘व्यावसायिक’ पदवीसाठी वर्षाला ५०,००० डॉलर आणि इतर पदव्युत्तर शिक्षणासाठी २०,५०० डॉलर, अशी ती मर्यादा आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने व्यावसायिक पदव्यांची प्रस्तावित व्याख्या पुढे केली, तेव्हा तिच्यात वैद्यक, दंतवैद्यक, कायदा होते. नर्सिंग नव्हतं आणि फिजिकल थेरपी, म्हणजे आपली फिजिओथेरपी, तीही नव्हती. त्यावरून बराच गदारोळ झाला.

या गदारोळात एका मोठ्या वर्गाचा प्रश्न मागेच राहिला. थेरपिस्टच्या सोबतीने रोज पेशंटला उभं करणारे, चालवणारे असिस्टंट, म्हणजेच पीटीए. त्यांच्यापुढे कॉलेजांच्या जाहिराती सतत येत असतात: नोकरी न सोडता ऑनलाइन बॅचलर्स करा आणि पुढे जा. पुढे म्हणजे नेमकं कुठे, ते जाहिरात सांगत नाही. न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत या कामात असलेल्या मराठी मंडळींनाही हा प्रश्न पडतो, आणि पैसे भरून झाल्यावर त्याचं उत्तर कळणं फार महागात पडतं. म्हणून तो अगदी पायापासून बघू.

पीटीए म्हणजे कोण?

फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट, रोजच्या बोलण्यात पीटीए. गुडघा बदललेल्या आजींना वॉकर धरून पहिली दहा पावलं टाकायला लावणारी व्यक्ती बहुतेकदा पीटीए असते. पेशंटची पहिली तपासणी, निदान, उपचारांची आखणी आणि शेवटी उपचार थांबवायचे का हा निर्णय, हे सगळं फिजिकल थेरपिस्टचं काम. आखलेले उपचार प्रत्यक्ष देणं, पेशंट कसा प्रतिसाद देतोय ते टिपणं आणि काही वेगळं वाटलं तर थेरपिस्टला लगेच कळवणं, हे पीटीएचं.

हा दर्जा १९६७मध्ये तिथल्या थेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने मान्य केला. त्याचे पहिले विद्यार्थी १९६९मध्ये मायामी आणि मिनियापोलिस इथल्या दोन कॉलेजांतून बाहेर पडले. एकूण १५ जण. आज पीटीए व्हायचं तर साधारण दोन वर्षांची असोसिएट डिग्री लागते, बहुधा कम्युनिटी कॉलेजातली, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या स्थानिक कॉलेजातली. त्यात सुमारे १६ आठवडे पूर्णवेळ क्लिनिकमध्ये काम असतं. हा अभ्यासक्रम ‘कॅप्टी’ या मान्यता मंडळाने मान्य केलेला असावा लागतो. मग राष्ट्रीय परीक्षा आणि त्यानंतर राज्याचं लायसन्स.

आपल्याकडे असा मधला, लायसन्सचा दर्जा नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपी शिकायची म्हणजे बारावीनंतर बी.पी.टीएच. त्यामुळे भारतातल्या नातेवाइकांना पीटीए म्हणजे ‘फिजिओचा मदतनीस’ वाटतो. ते बरोबर नाही. क्लिनिकमध्ये मदतनीस वेगळे असतात. त्यांना ‘एड’ म्हणतात आणि त्यांना लायसन्स लागत नाही.

या ऑनलाइन पदवीत असतं तरी काय?

पीटीएकडे असोसिएट डिग्री असते, म्हणजे चार वर्षांच्या पदवीचा साधारण अर्धा भाग. ऑनलाइन पदवी हा उरलेला अर्धा भाग भरून काढते. तिची नावं हेल्थ सायन्स, हेल्थकेअर मॅनेजमेंट, कधी एक्सरसाइज सायन्स अशी असतात. विषय म्हणजे आरोग्यव्यवस्थेचं अर्थकारण, कायदा आणि नीती, संख्याशास्त्र, संशोधन वाचायला शिकणं, माणसं आणि बजेट सांभाळणं. नवी हस्तकौशल्यं यात नसतात, म्हणूनच हे ऑनलाइन शिकवता येतं. कॅप्टीची मान्यता या पदवीला नसते, आणि ते काही संशयास्पद नाही: ते मंडळ थेरपिस्ट आणि पीटीए होण्याच्या अभ्यासक्रमांपुरतंच काम करतं.

पदवी मिळाल्यावर काय बदलत नाही

लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही: पेशंटला हात लावून तुम्ही काय करू शकता, हे लायसन्स ठरवतं, पदवी नाही. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्या माणसाने एम.कॉम. केलं, म्हणून उद्या त्याला एसटी चालवायला मिळत नाही. त्यासाठी जड वाहनाचंच लायसन्स काढावं लागतं. पण त्याच पदवीच्या जोरावर तो पुढे डेपोच्या कारभारात जाऊ शकतो. पीटीएच्या बॅचलर्सचं अगदी तसं आहे. स्टिअरिंग तेच राहतं, ऑफिसाचं दार मात्र उघडतं.

त्यामुळे बॅचलर्स झालेला पीटीए पेशंटची पहिली तपासणी करू शकत नाही. थेरपिस्टची परीक्षा देऊ शकत नाही. त्याच्या कामाचे विम्याकडून येणारे पैसेही बदलत नाहीत. ज्येष्ठांचा सरकारी विमा, मेडिकेअर, १ जानेवारी २०२२पासून पीटीएने दिलेल्या बाह्यरुग्ण उपचारांसाठी नेहमीच्या दराच्या ८५ टक्केच रक्कम देतो. बिलावर पीटीएचा संकेत लागला की रक्कम कमी होते. पीटीएच्या नावापुढे कोणती पदवी आहे, हे त्या बिलात कुठे येतच नाही.

पण पगार तर वाढेल ना?

आपोआप नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२४मध्ये पीटीएचा मध्यम वार्षिक पगार ६५,५१० डॉलर होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त मिळत होता आणि निम्म्यांना कमी. थेरपिस्टचा हाच आकडा १,०१,०२० डॉलर होता. पीटीएच्या पगारातला फरक मुख्यतः राज्य, अनुभव आणि कामाची जागा यांवरून पडतो. ८५ टक्क्यांचं गणित वर आलंच आहे: ज्या क्लिनिकला तुमच्या पदवीचे जास्त पैसे मिळत नाहीत, ते तुम्हाला पदवीचे जास्त पैसे का देईल? पदवी घेऊन त्याच क्लिनिकमध्ये, त्याच कामाला राहायचं असेल तर पगारासाठी हा खटाटोप करू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

पगार बदलतो तो खुर्ची बदलल्यावर. तिथलं नर्सिंग होम म्हणजे मुख्यतः वृद्धांचं शुश्रूषागृह. त्यातल्या पुनर्वसन विभागाचा प्रमुख, म्हणजे रिहॅब डायरेक्टर, पीटीए होऊ शकतो आणि अनेक ठिकाणी असतोही. वेळापत्रक, बजेट, नेमणुका तो बघतो. थेरपिस्टच्या वैद्यकीय निर्णयात मात्र त्याला ढवळाढवळ करता येत नाही. त्याही पुढे अख्खं नर्सिंग होम चालवणारा ॲडमिनिस्ट्रेटर असतो. त्याचं वेगळं लायसन्स असतं आणि बहुतेक राज्यांत त्यासाठी बॅचलर्स पदवी लागते. मला तर पीटीएसाठी हा रस्ता फार मोलाचा वाटतो. ज्याने वर्षानुवर्षं म्हाताऱ्या माणसांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पायांवर आणलं, तो माणूस ती संस्था चालवायला बसला तर पेशंटचं भलंच होईल.

शिकवण्याची आवड असेल तर पीटीएच्याच अभ्यासक्रमात शिकवता येतं. तिथे बॅचलर्स ही पायरी ठरते, शेवट नाही. अभ्यासक्रमाचा संचालक व्हायचं तर किमान मास्टर्स हवी. विमा कंपन्यांमध्ये उपचारांची प्रकरणं तपासण्याचं काम असतं, उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांत प्रशिक्षण देण्याचं असतं. पाठीने किंवा खांद्याने साथ सोडली की पीटीएला अशीच कामं शोधावी लागतात. पेशंट उचलून उचलून पन्नाशीत स्वतःचंच कंबरडं धरलेले पीटीए कमी नाहीत. ही वेळ येण्याआधी पदवी हाताशी असणं, हे मला पदवी घेण्याचं सगळ्यात खरं कारण वाटतं.

क्रेडिटचा हिशेब

इथे लोक सर्वांत जास्त फसतात, म्हणून जरा थांबू.

अमेरिकेत अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. एक क्रेडिट म्हणजे पंधराएक आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये दर आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास. बॅचलर्सला साधारण १२० क्रेडिट लागतात. पीटीएच्या असोसिएट डिग्रीत ६० ते ७५ असतात. मग वाटतं, माझ्याकडे ७० आहेत, उरले ५०.

तसं होत नाही. पीटीएची पदवी बहुतेकदा ‘अप्लाइड सायन्स’ प्रकारची असते, म्हणजे थेट नोकरीसाठी तयार करणारी. त्यातले इंग्रजी, मानसशास्त्र, शरीररचना असे विषय नवं कॉलेज सहज घेतं. पण थेरपीची तंत्रं, क्लिनिकमधले आठवडे असे तांत्रिक क्रेडिट अनेक कॉलेजं घेत नाहीत, किंवा घेतात आणि ‘ऐच्छिक’ खात्यात टाकतात. त्या खात्याला मर्यादा असते. ते भरलं की वरचे क्रेडिट वाया. काही कॉलेजं मात्र पीटीएसाठी पूर्ण असोसिएट डिग्री एकगठ्ठा स्वीकारतात. या दोन प्रकारांत वर्षभराच्या अभ्यासाचा फरक पडू शकतो.

त्याशिवाय दोन अटी असतात, ज्या जाहिरातीत ठळक दिसत नाहीत. एक, ठरावीक क्रेडिट तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पातळीचे हवेत. कम्युनिटी कॉलेजचे सगळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे, त्यामुळे ते तिथे चालत नाहीत. दुसरी, ठरावीक क्रेडिट, बऱ्याच ठिकाणी ३०, पदवी देणाऱ्या कॉलेजातच करावे लागतात. म्हणजे कागदावर तुमच्याकडे १०० क्रेडिट असले तरी फक्त २० करून भागत नाही.

म्हणून फी भरण्याआधी एकच गोष्ट मागा: ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे आधीच्या कॉलेजच्या गुणपत्रकाची, लेखी तपासणी, ज्यात प्रत्येक विषय कुठल्या खात्यात गेला ते दिसेल. फोनवर गोड बोलणाऱ्या प्रवेश सल्लागाराचा शब्द पुरेसा धरू नका. तो प्रवेश मिळवून देण्याच्या नोकरीवर आहे. सामान्य शिक्षणाचे जे विषय उरतील, त्यातले काही ‘क्लेप’ नावाच्या परीक्षा देऊन कमी खर्चात सुटतात का, तेही त्याच वेळी विचारा.

नोकरी सांभाळून खरंच जमतं का?

जमतं, पण जाहिरातीतल्या वेगाने नाही. तीन क्रेडिटचा एक विषय म्हणजे साधारण १३५ तासांचं काम. पंधरा आठवड्यांत पसरवलं तर आठवड्याला नऊ तास. ऑनलाइन कॉलेजांच्या टर्म बऱ्याचदा आठ आठवड्यांच्या असतात. तोच विषय तिथे आठवड्याला सतरा तास मागतो. ‘लहान टर्म’ ऐकायला सोपी वाटते, पण काम तेवढंच असतं आणि आठवडे निम्मे असतात.

६० क्रेडिट उरले असतील तर ते वीस विषय, म्हणजे २,७०० तास. ‘दीड वर्षात पदवी’ म्हणजे आठवड्याला सुमारे ३५ तास अभ्यास. चाळीस तास पेशंट बघून, रात्री नोंदी पूर्ण करून, घरी मुलं असताना हे कोणाला झेपेल? सेमिस्टरला दोन विषय आणि उन्हाळ्यातही दोन, असं धरलं तर वर्षाला सहा विषय होतात आणि तीन-साडेतीन वर्षं लागतात. हा मानवी वेग आहे.

वेगळी पद्धतही आहे. सॉल्ट लेक सिटीच्या वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी सहा महिन्यांची ठरावीक फी असते. जेवढे विषय उरकाल तेवढे तुमचे. कामाच्या अनुभवातून ज्यांना बराच भाग आधीच येतो, त्यांना हे परवडतं. पण कोणी मागे लागल्याशिवाय अभ्यास होत नसेल तर प्रत्येक सहामाहीची पूर्ण फी भरून दोनच विषय पदरात पडतात.

पैसे कुठून आणायचे?

क्रेडिटला ३५० डॉलर धरा, ६० क्रेडिटचे २१,००० होतात. आता मालकाकडे बघा. अमेरिकन करकायद्याच्या १२७व्या कलमानुसार मालक कर्मचाऱ्याच्या शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त देऊ शकतो, आणि शिक्षण त्याच्या सध्याच्या कामाशी संबंधित असलंच पाहिजे असंही नाही. चार वर्षांचे ५,२५० म्हणजे बरोबर २१,०००. सावकाश शिकणाऱ्याची पदवी अशी जवळपास फुकटात होऊ शकते, आणि घाई करणारा त्याच पदवीसाठी कर्ज काढतो. सावकाशीचा हा फायदा कोणतंही कॉलेज सांगणार नाही.

मात्र ही सवलत द्यायला मालक बांधील नाही. लागेल तेव्हा बोलावणाऱ्या, म्हणजे पीआरएन नोकरीत ती सहसा नसते. शिवाय पदवीनंतर एक-दोन वर्षं नोकरी सोडली तर पैसे परत करण्याची अट करारात असू शकते. ती वाचून मगच सही करा.

सरकारी मदतीसाठी सहसा नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्यांना शिकता येतं, पण ही मदत मिळत नाही. कर्ज हवं असेल तर किमान निम्मा भार, साधारण सहा क्रेडिट, एका सेमिस्टरला घ्यावा लागतो. आणि भारतातून एखादी बॅचलर्स पदवी आधीच घेतलेली असेल, अगदी बी.ए. किंवा बी.कॉम.सुद्धा, तर गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं पेल अनुदान सहसा मिळत नाही. ही गोष्ट अर्जात लपवायची नसते.

ऑनलाइन पदवीला कोण विचारतं?

ही शंका भारतीय मनात पक्की आहे आणि तिला कारणही आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने फिजिओथेरपी, नर्सिंग अशा अभ्यासक्रमांना दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीत बंदीच घातली आहे, आणि ते योग्य आहे. सांधा हाताळायला पडद्यावर शिकता येत नाही. पण आपण बोलतोय ती पदवी थेरपी करायला शिकवत नाही. हात आधीच शिकलेले आहेत, लायसन्स आधीच मिळालं आहे. उरतं ते वाचन, लेखन, आकडे आणि व्यवस्थापन.

बघायची ती कॉलेजची मान्यता. न्यू जर्सीच्या बाजूला मिडल स्टेट्स, मध्य-पश्चिमेत हायर लर्निंग कमिशन अशी जुनी मान्यता मंडळं आहेत. त्यांची मान्यता असेल तर पुढे मास्टर्सला दुसरं विद्यापीठ ती पदवी सहसा मानतं. मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

एवढं करायचं, तर सरळ थेरपिस्टच का होऊ नये?

मनापासून तेच हवं असेल तर जरूर व्हा. फक्त आधी समजून घ्या की पीटीएची वर्षं थेरपिस्टच्या पदवीत वजा होत नाहीत. थेरपिस्ट व्हायला आता डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी लागते. साधारण तीन वर्षं, बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ आणि आधी बॅचलर्स. पीटीएंसाठी शनिवार-रविवारी वर्ग भरवणारा ओहायोतल्या फिंडले युनिव्हर्सिटीसारखा मार्ग आहे, पण असे मार्ग अगदी मोजके.

इथेच ऑनलाइन बॅचलर्स धोका देऊ शकते. डीपीटीच्या प्रवेशाला रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह लागतात. हेल्थकेअर मॅनेजमेंटच्या पदवीत ते नसतात. पीटीएच्या अभ्यासातलं शरीररचनाशास्त्र किंवा भौतिकशास्त्र काही विद्यापीठं पुरेशा पातळीचं मानत नाहीत, काही ऑनलाइन प्रयोगशाळा स्वीकारत नाहीत, काही जुने विषय पुन्हा करायला लावतात. पदवी झाली आणि मग हे कळलं, तर आणखी दोन वर्षं जातात. म्हणून ज्या तीन-चार विद्यापीठांत डीपीटी करायची इच्छा आहे, त्यांच्या अटी आधी काढा आणि बॅचलर्सचे विषय त्यावरून निवडा.

आणि कर्जाची नवी मर्यादा. डीपीटी व्यावसायिक यादीबाहेर राहिली तर वर्षाला २०,५००, म्हणजे तीन वर्षांत ६१,५०० डॉलरच सरकारी कर्ज. अनेक खासगी विद्यापीठांत डीपीटीची फी एक लाखाच्या वर जाते. वरची रक्कम खासगी कर्जातून आणावी लागेल, ज्याला सरकारी कर्जासारख्या परतफेडीच्या सवलती नसतात. बॅचलर्सचं कर्ज आधीच डोक्यावर असेल तर हा रस्ता फार चढाचा होतो.

महाराष्ट्रातून बी.पी.टीएच. करून गेलेल्यांचं काय?

लग्नानंतर अमेरिकेत गेलेल्या फिजिओ मुली बऱ्याच आहेत. व्हिसाच्या अडचणी, मुलं, थेरपिस्टच्या परीक्षेसाठी लागणारी लांबलचक कागदपत्रं यांत वर्षं जातात, आणि त्यातल्या काही जणी पीटीए होऊन कामाला लागतात. काही राज्यांत परदेशी शिकलेल्या फिजिओंना तशी वाट मिळते. त्यांना कोणी ऑनलाइन बॅचलर्स सुचवत असेल तर थांबा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.पी.टीएच. ही साडेचार वर्षांची, इंटर्नशिपसह पूर्ण पदवी आहे. डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून तिचं मूल्यमापन करून घेतलं तर ती अनेकदा अमेरिकन बॅचलर्सच्या तोडीची ठरते, आणि मग दुसरी बॅचलर्स घेण्यापेक्षा थेट व्यवस्थापनाच्या मास्टर्सला अर्ज करणं शहाणपणाचं. थेरपिस्टच व्हायचं असेल तर ‘एफसीसीपीटी’ ही संस्था बी.पी.टीएच.चा अभ्यासक्रम विषयवार तपासते, तफावत दाखवते, आणि तेवढेच उरलेले विषय पुरे करून थेरपिस्टच्या राष्ट्रीय परीक्षेपर्यंत जाता येतं. दोन्ही संस्थांना मार्कांची कागदपत्रं थेट विद्यापीठाकडून सीलबंद किंवा अधिकृत मार्गाने लागतात. नाशिकहून ती निघायला वेळ जातो, तेव्हा कोणत्याही कॉलेजच्या प्रवेश अर्जाआधी तो अर्ज टाकावा.